वस्तीच्या नाकाची साक्ष कोण लिहून घेणार?



घरातला सिलिंडर गळू लागला की आपल्याला कसं कळतं? वासावरून. खरं तर एलपीजीला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. म्हणून त्यात मुद्दाम एक घाणेरडा वास मिसळतात. त्या पदार्थाचं नाव इथाइल मर्कॅप्टन. हे गंधकाचं संयुग इतकं उग्र असतं की हवेत नावापुरतं असलं तरी नाकाला कळतं. तो वास आला की माणूस शेगडी बंद करतो, खिडक्या उघडतो, एजन्सीला फोन लावतो. त्याला कुणी म्हणत नाही, "सवय करून घ्या."

मी ज्या तालुक्यात काम करते तिथे औद्योगिक वसाहतीच्या कुंपणाला लागून एक वस्ती आहे. बहुतेक घरं बौद्धांची, काही मातंगांची, काही भटक्या जमातींची. कुंपणापलीकडे रद्दीपासून कागद बनवणारा कारखाना आणि त्याच्या सांडपाण्याच्या टाक्या नेमक्या वस्तीच्या बाजूला. गावाचं आणि कारखान्याचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण वस्तीतली माणसं तिथेच मजुरीला जातात. महिला मंडळाच्या बैठकीत गॅस सुरक्षिततेची माहिती देत होते तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "ताई, आमच्याकडं सिलिंडर गळाला तर आम्हाला कळणार कसं? तसला वास तर आमच्याकडं रोजचाच."

बैठक शांत झाली. समाजशास्त्रात एम.ए. केलेल्या माझ्याकडे या प्रश्नाला उत्तर नव्हतं. जो वास एका घरात धोक्याची घंटा आहे, त्याच कुळातला वास दुसऱ्या घरात नशीब म्हणून का स्वीकारायचा? या लेखाचं कारण तो प्रश्न आहे.

वास येतो कुठून?

कागद बनवण्याचे ढोबळमानाने दोन मार्ग. एकात लाकूड किंवा बांबू शिजवून लगदा काढतात, दुसऱ्यात रद्दी भिजवून. दोन्हीकडे वास येतो, पण कारणं वेगळी असतात आणि ती आपल्याला माहीत असायला हवीत. नाहीतर "हे तांत्रिक आहे, तुम्हाला कळणार नाही" असं म्हणून आपल्याला गप्प बसवणं सोपं जातं.

लाकूड शिजवण्याची जगभर चालणारी पद्धत म्हणजे क्राफ्ट. कार्ल डाल नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती शोधली. लाकडाचे किंवा बांबूचे तुकडे कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडच्या द्रावणात, बंद भांड्यात, दाबाखाली साधारण 160 ते 170 अंशांवर शिजवतात. तंतूंना धरून ठेवणारं लिग्निन विरघळतं आणि लगदा मिळतो. पण त्याच वेळी सल्फाइड आणि लिग्निन यांच्यातून मिथाइल मर्कॅप्टन, डायमिथाइल सल्फाइड असे वायू तयार होतात. सिलिंडरमधल्या मर्कॅप्टनचे हे सख्खे भाऊ. वास सडक्या कोबीसारखा. पुढे उरलेलं काळं द्रावण आटवताना आणि भट्टीत जाळताना हायड्रोजन सल्फाइड निघू शकतो. त्याचा वास सडक्या अंड्यासारखा. आपल्या राज्यात बांबूच्या कागदाचं जुनं नाव म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातलं बल्लारपूर. तिथल्या गिरणीची स्थापना 1945 सालची, म्हणजे ही पद्धत आणि तिचा वास हा महाराष्ट्राला काल-परवाचा विषय नाही.

रद्दीच्या कारखान्यात लाकूड शिजवत नाहीत. तिथे जुन्या कागदातला स्टार्च पाण्यात उतरतो आणि तेच पाणी फिरवून फिरवून वापरलं जातं. टाकीत गाळ साचला, हवा खेळेनाशी झाली की ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू वाढतात. स्टार्च आंबून मळमळ आणणारा वास सुटतो. कागदावर शाई फुटू नये म्हणून तुरटी वापरलेली असते. तिच्यातल्या सल्फेटपासून हे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड बनवतात. म्हणजे रद्दीच्या कारखान्याचा वास हा बहुतांशी निगराणीचा प्रश्न आहे. गाळ वेळेवर उपसला का? टाकीत हवा सोडणारी यंत्रं चोवीस तास चालतात, की वीजबिल वाचवायला रात्री बंद होतात?

हायड्रोजन सल्फाइड हे नाव आपल्या समाजाला नवीन नाही. गटारात आणि सेप्टिक टाकीत उतरलेले आपले भाऊ ज्या वायूने मरतात तो हाच. याचा स्वभाव मोठा फसवा आहे. हवेच्या एक अब्ज भागांत याचे चार-पाच भाग असले तरी नाक ओळखतं. पण प्रमाण दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेलं की वासाची जाणीवच बधिर होते. वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि आणखी एक पायरी खाली उतरतो. 2020 च्या मे महिन्यात छत्तीसगडच्या रायगढ जिल्ह्यात टाळेबंदीत बंद असलेल्या एका कागद कारखान्याची टाकी साफ करताना सात मजूर वायूची बाधा होऊन रुग्णालयात गेले. विशाखापट्टणमची वायुगळती त्याच सुमाराची, त्यामुळे देशाचं लक्ष तिकडे होतं. गटार, सेप्टिक टाकी, लगद्याची टाकी, वस्तीची हवा या चार वेगळ्या बातम्या म्हणून छापल्या जातात. वायू एकच आहे, आणि त्याच्या वाटेत उभी असलेली माणसंही बरीचशी एकाच समाजथरातली आहेत.

मोजतात कुठे?

अधिकारी आणि व्यवस्थापक एक वाक्य हमखास ऐकवतात: "वास मोजता येत नाही हो, ज्याच्या त्याच्या नाकाचा प्रश्न आहे." हे साफ चुकीचं आहे.

जपानने 1971 साली दुर्गंधी नियंत्रणाचा स्वतंत्र कायदा केला. त्यात आज 22 पदार्थांची यादी आहे. 1995 च्या दुरुस्तीने माणसाच्या नाकाने केलेलं मोजमापही कायद्यात आलं. पद्धत सोपी आहे. तीन पिशव्या देतात. दोन पिशव्यांत स्वच्छ हवा, एकीत वासाची हवा. कोणत्या पिशवीला वास आहे ते ओळखायचं. ओळखता येईनासं होईपर्यंत वासाची हवा पातळ करत न्यायची. किती पट पातळ करावी लागली, त्यावरून वासाची ताकद ठरते. युरोपात 2003 पासून यासाठी प्रमाणित मानक आहे: निवडलेल्या माणसांपैकी निम्म्यांना वास जाणवेल आणि निम्म्यांना जाणवणार नाही, तो बिंदू म्हणजे एक गंध-एकक. पुढे 2016 साली प्रत्यक्ष वस्तीत, शेतात, रस्त्यावर उभं राहून वासाच्या नोंदी कशा घ्यायच्या याचंही मानक आलं. अमेरिकेने 1978 मध्येच नव्या क्राफ्ट गिरण्यांच्या गंधकी वायूंवर मर्यादा घातल्या. म्हणजे माणसाचं नाक हे जगात मान्यता मिळालेलं यंत्र आहे. फक्त आपल्या वस्तीतलं नाक अजून यंत्र झालेलं नाही.

आपल्या सरकारला हे ठाऊक नाही असंही नाही. 2003 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि उद्योगांनी मिळून पर्यावरण जबाबदारीची सनद केली. तिच्यात मोठ्या कागद गिरण्यांना चार वर्षांची मुदत होती: हे गंधकी वायू गोळा करा आणि चुन्याच्या भट्टीत किंवा बॉयलरमध्ये जाळा. 2008 साली याच मंडळाने दुर्गंधी आणि तिच्या नियंत्रणावर मार्गदर्शक पुस्तिका काढली. मार्गदर्शक, म्हणजे सल्ला. बंधन नव्हे.

बंधन कुठे आहे? मोठ्या कागद गिरण्यांसाठी हायड्रोजन सल्फाइडची मर्यादा आहे, एक घनमीटर हवेत 10 मिलिग्रॅम. पण ती चिमणीतल्या हवेला लागू होते. माणसं ज्या हवेत श्वास घेतात त्या हवेची राष्ट्रीय मानकं 2009 साली आली. त्यांत बारा प्रदूषकं आहेत. धूलिकणांपासून शिशापर्यंत, अमोनियासुद्धा. हायड्रोजन सल्फाइड त्या यादीत नाही. चिमणीच्या तोंडाशी मर्यादा आहे, माणसाच्या नाकाशी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने युरोपसाठी काढलेल्या मार्गदर्शनात म्हटलं आहे की लोकांना वासाचा त्रास होऊ नये यासाठी अर्ध्या तासाची सरासरी घनमीटरला 7 मायक्रोग्रॅमच्या आत हवी. चिमणीची मर्यादा याच्या सुमारे चौदाशे पट आहे.

चिमणीतून सुटलेला वायू हवेत पातळ होतो, हे मान्य. पण किती पातळ होतो ते उंची, वारा आणि वेळ ठरवते. रात्री जमीन थंड होते, गार हवा खाली अडकते, वारा पडतो आणि वायू जमिनीलगत बसून राहतो. शिवाय वस्तीतला वास पुष्कळदा चिमणीतून आलेलाच नसतो. तो येतो उघड्या टाकीतून, गळक्या व्हॉल्व्हमधून, कारखान्याच्या उघड्या नालीतून. 2014 साली सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्या 17 प्रकारच्या उद्योगांना सतत मोजणारी यंत्रं बसवायला सांगितलं गेलं. कागद उद्योग त्यात आहे. पण ती यंत्रं चिमणीत आणि सांडपाण्याच्या बाहेर पडण्याच्या जागी बसतात. कुंपणाच्या अलीकडे, जिथे पाळणा टांगलेला आहे, तिथे यंत्र नाही.

"तुमच्याच गटारीचा वास"

आमच्या वस्तीने पहिला अर्ज दिला तेव्हा साहेब सकाळी साडेअकराला आले. ऊन तापलेलं, वारा सुटलेला. गाडीतून उतरून दहा मिनिटं उभे राहिले आणि अहवालात लिहिलं की तपासणीवेळी दुर्गंधी आढळून आली नाही. वास येतो रात्री दीडला. साडेअकराला तो कसा आढळणार?

दुसऱ्या वेळी कारखान्याचे सुपरवायझर सोबत होते. ते हसत म्हणाले, "वास यांच्याच गटारीचा आहे साहेब. राहतात कशी ही माणसं ते बघा ना." मी तिथेच उभी होते. खोटं कशाला सांगू, क्षणभर माझीही नजर त्या गटारीकडे गेली. ग्रामपंचायतीने कधी न बांधलेली ती गटार खरोखरच वाहत होती. शतकानुशतकं आपल्याला शिकवलं गेलंय की वास आला तर तो आपलाच असणार. माझ्या पदवीच्या आणि वाचनाच्याही खाली कुठेतरी ते शिल्लक होतं. घरी येऊन मला त्याचाच जास्त राग आला.

मार्ग काढला बारावीत शिकणाऱ्या एका मुलीने. तिने विहाराच्या शिखरावरच्या पंचशील ध्वजाकडे बोट दाखवलं. "ताई, वास कुठून येतो ते ध्वज सांगेल की." दुसऱ्या दिवशी आम्ही दोनशे पानी वही आणली. रकाने आखले: तारीख, वेळ, वास कसा (अंड्याचा, कोबीचा, आंबट), किती (शून्य ते पाच), ध्वज कुठल्या बाजूला फडकतोय, किती वेळ टिकला, त्रास काय झाला, सही किंवा अंगठा. पहाटे नळाला पाणी येतं म्हणून तीनला उठणाऱ्या बाया, रात्रपाळीवरून परतणारी पोरं, दम्यामुळे झोप न लागणाऱ्या एक आजी, असे पाळीवार लोक ठरले. आजी म्हणाल्या, "माझं नाव पहिलं लिही. मी तशीही जागीच असते."

सहा आठवड्यांनी वही सगळ्यांनी मिळून वाचली. ध्वज कारखान्याकडून वस्तीकडे फडकत होता त्या रात्री वास होता. ध्वज उलट्या दिशेला फडकत होता त्या रात्री वास नव्हता. गटार मात्र दोन्ही रात्री जागच्या जागी होती. सगळ्यात वाईट रात्री वारा पडल्याच्या, म्हणजे वहीतल्या शब्दांत 'ध्वज लोंबलेला'. रविवारच्या नोंदी जड होत्या. कारण कारखान्यातल्याच एका कंत्राटी कामगाराने हळूच सांगितलं: रविवारी हवा सोडणारी यंत्रं बंद ठेवतात.

त्या वहीच्या प्रती जोडून दिलेला तिसरा अर्ज मात्र फेकता आला नाही. तपासणी पहाटे झाली. कारखान्याला टाकीतला गाळ उपसायला आणि यंत्रं सलग चालवायला लेखी सांगितलं गेलं. दोन-तीन महिने फरक पडला. मग पुन्हा काही रविवार वासाचे गेले. आम्ही जिंकलो असं म्हणणार नाही. आमची दुसरी वही सुरू आहे. पण "तुमच्याच गटारीचा वास" हे वाक्य त्यानंतर कुणी उच्चारलं नाही.

जात नाकातही असते

जुन्या माणसांना विचारा, गावात महारवाडा कुठे असायचा? बहुतेक ठिकाणी गावकुसाबाहेर आणि पूर्वेला, म्हणजे वारा गावावरून वस्तीकडे जावा, वस्तीवरून गावाकडे येऊ नये. गावाची रचना करणाऱ्यांना वाऱ्याचं शास्त्र चांगलं कळत होतं. आज औद्योगिक वसाहतीचा नकाशा काढणारे आणि कुंपणाला लागून घरकुलासाठी स्वस्त जागा देणारे जुनं काही बोलत नाहीत. तरी निकाल तोच लागतो.

गोपाळ गुरूंनी अस्पृश्यतेचा विचार स्पर्शाच्या, इंद्रियांच्या अंगाने केला आहे. ज्योएल ली या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने लखनौमधल्या अभ्यासावरून 2017 साली दाखवलं की शहरातली जात वासातही कोरलेली असते. कचरा आणि दुर्गंधी कोणाच्या दारात ढकलली जाते हे योगायोगाने ठरत नाही. पाली भाषेत नाकाला 'घान' म्हणतात. मराठीतला 'घाण' त्याच मुळातला. वास घेणाऱ्या इंद्रियाचं नाव आधी दुर्गंधीला चिकटलं आणि मग ती सोसणाऱ्या माणसांना.

वस्तीतली एक मुलगी कॉलेजचा गणवेश धुऊन दोन किलोमीटरवर मामाच्या घरी वाळत घालते. का, ते तिने मला सांगितलं नाही, तिच्या आईने सांगितलं. पौर्णिमेला विहारात वंदना सुरू होण्याआधी खिडक्या लावून घेतात आणि अगरबत्तीचा अख्खा पुडा लावतात. सोयरीक बघायला पाहुणे येणार असतील तर दुपारी बोलावतात. हे सगळं नुकसान कोणत्या पंचनाम्यात लिहायचं?

आणि याला फक्त मनाचा त्रास म्हणून सोडू नका. फिनलंडच्या दक्षिण कारेलिया भागात कागद-लगद्याच्या गिरण्या आहेत. तिथे 1980 च्या दशकापासून संशोधकांनी गिरण्यांजवळ राहणाऱ्यांची तुलना दूर राहणाऱ्यांशी केली. विषबाधेच्या पातळीच्या कितीतरी खाली असलेल्या गंधकी वायूंमध्ये राहणाऱ्यांनाही डोळ्यांची जळजळ, खोकला, डोकेदुखीचा त्रास जास्त आढळला. आमच्या वहीच्या 'त्रास' रकान्यात हेच शब्द आहेत, वेगवेगळ्या हस्ताक्षरांत.

लोक म्हणतात, "तिथल्या लोकांना सवय झालीय." नाकाला सवय होते, हे खरं. वीस मिनिटांत मलाही वास जाणवेनासा होतो. पण नाक थकलं म्हणून फुप्फुस, डोळे, झोप यांना सवय होत नाही. सवय हा शब्द ज्यांच्या सोयीचा आहे ते त्या वस्तीत राहत नाहीत.

पोटाचा प्रश्न

आता आपल्याच माणसांचे दोन आक्षेप. पहिला: "अत्याचार, आरक्षण, शिष्यवृत्ती एवढे प्रश्न पडले असताना तू वासाचं काय घेऊन बसलीस?" त्यांना माझा साधा प्रश्न आहे. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तो प्रश्न फक्त तहानेचा होता का? पाण्यावर सर्वांचा सारखा हक्क आहे हे सांगणाऱ्या चळवळीला हवेवर सर्वांचा सारखा हक्क आहे हे सांगायला संकोच का वाटावा?

दुसरा आक्षेप गंभीर आहे: "कारखाना बंद पडला तर खाणार काय?" हा प्रश्न मालकाने विचारला तर मी दुर्लक्ष करेन. कंत्राटी मजूर विचारतो तेव्हा उत्तर द्यावंच लागतं. बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळलं. त्यांनी भाकरी आणि माणूसपण यांत निवड करायला कधी सांगितलं नाही. आपणही सांगत नाही. आपली मागणी कारखाना बंद करण्याची नसून टाकी बंद करण्याची, म्हणजे तिच्यावर झाकण घालण्याची आहे.

उलट, ऐकून न घेतल्यानेच कारखाने बंद पडतात. कॅनडाच्या नोव्हा स्कोशियात एका क्राफ्ट गिरणीचं सांडपाणी 1967 पासून मिकमाक आदिवासींच्या वस्तीजवळच्या खाडीत जात होतं. त्यांनी पन्नासेक वर्षं सांगितलं. शेवटी 2015 साली कायदा झाला, मुदत ठरली, आणि पर्यायी व्यवस्था मंजूर न झाल्याने 2020 च्या जानेवारीत गिरणी थांबली. हे सुरुवातीलाच ऐकलं असतं तर कामगारांवर ती वेळ आली नसती. अमेरिकेच्या साउथ कॅरोलायनात कटॉबा इथे 2021 साली एका कागद गिरणीच्या वासाबद्दल हजारो तक्रारी नोंदल्या गेल्या. तिथेही जवळ मूळनिवासी कटॉबा समाज राहतो. त्याच मे महिन्यात केंद्रीय पर्यावरण संस्थेने आणीबाणीचा आदेश काढला: कुंपणाशी यंत्रं बसवा आणि हायड्रोजन सल्फाइड अर्ध्या तासाच्या सरासरीत अब्जात 600 भाग, सात दिवसांच्या सरासरीत 70 भाग, यापुढे जाऊ देऊ नका. वासाच्या मानाने या मर्यादा ढिल्याच आहेत. पण मोजण्याची जागा बदलली: चिमणीवरून कुंपणावर. आणि ती बदलली लोकांनी तक्रारी नोंदवल्यामुळे.

खर्चाचं रडगाणंही ऐकून घेऊ. क्राफ्ट गिरणीत वायू गोळा करून जाळणं, सांडपाणी वाफेने धुणं यांना पैसा लागतो. जाळल्यावर तयार होणाऱ्या सल्फर डायऑक्साइडसाठी धुण्याची यंत्रणा लागते, नाहीतर एक पीडा जाऊन दुसरी येते. पण रद्दीच्या कारखान्यात पहिली पायरी स्वस्त आहे: गाळ उपसा, हवा सलग सोडा, टाकी झाका, झाकणाखालची हवा कंपोस्ट किंवा लाकडाच्या भुशाच्या थरातून सोडा. त्या थरातले जिवाणू वास खाऊन टाकतात.

पैसे नाहीत हे उत्तर न्यायालयानेही नाकारलेलं आहे. मध्य प्रदेशातल्या रतलामच्या रहिवाशांनी उघडी गटारं आणि मद्य कारखान्याच्या दुर्गंधीयुक्त पाण्याविरुद्ध दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागितली. नगरपालिका निधी नसल्याचं सांगत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. 1980 साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या खंडपीठाने ती सबब फेटाळली. तो खटला वासाचाच होता, आणि तो सामान्य रहिवाशांनी जिंकला.

आपण काय करायचं?

ज्यांच्या वस्तीजवळ असा कारखाना आहे त्यांनी उद्याच वही सुरू करावी. रकाने वर दिले आहेत. वाऱ्याची दिशा रोज लिहा. त्यासाठी विहारावरचा ध्वज पुरतो. वास नसलेल्या रात्रीही लिहा, नाहीतर वही खरी वाटणार नाही. माहिती अधिकारात कारखान्याचं संमतीपत्र आणि तपासणी अहवाल मागा. दुर्गंधीबद्दल कोणत्या अटी घातल्या आहेत ते बघा. मंडळाकडे अर्ज द्या आणि पोच घ्या. रतलामच्या रहिवाशांनी वापरलेलं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 133 आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 152 झालं आहे. उपविभागीय दंडाधिकारी त्याखाली सार्वजनिक उपद्रव हटवण्याचा आदेश देऊ शकतात. हवा आरोग्याला अपायकारक करण्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम 280 मध्ये दंड आहे, जास्तीत जास्त एक हजार रुपये. अख्ख्या वस्तीच्या हवेची ही किंमत. म्हणून नुसत्या दंडावर समाधान मानू नका, दुरुस्तीचा आदेश मागा.

शासनाकडे आपल्या मागण्या अशा: हायड्रोजन सल्फाइडचं मोजमाप कुंपणाशी, वस्तीच्या बाजूला आणि रात्रीही व्हावं. त्याचे आकडे मराठीत, ग्रामपंचायतीच्या आणि वस्तीच्या फलकावर रोज लागावेत. रहिवाशांची वही पुरावा म्हणून स्वीकारण्याचा नियम व्हावा आणि वस्तीतल्या माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांच्या नाकाला तपासणीत स्थान मिळावं. वायू मोजल्याशिवाय, हवा खेळवल्याशिवाय कोणत्याही कंत्राटी मजुराला टाकीत उतरवलं जाऊ नये. हे तर 1948 च्या कारखाने कायद्यानेच सांगून ठेवलं होतं. आणि नवी घरकुलं सांडपाण्याच्या टाक्यांच्या भिंतीला चिकटवून बांधू नयेत.

आपण वंदनेत धम्माचा गुण म्हणून 'एहिपस्सिको' म्हणतो. ये आणि स्वतः पाहा. विश्वास ठेव असं तथागत म्हणत नाहीत, तपासून बघ म्हणतात. त्या साहेबांना, त्या सुपरवायझरना आमचं तेवढंच निमंत्रण आहे. पाहुण्यांसारखं दुपारी येऊ नका. रविवारी रात्री दीडला या. विहाराच्या पायरीवर बसा, ध्वज कुठे फडकतोय ते बघा आणि एक खोल श्वास घ्या. मग मावशींच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना समोरासमोर द्या: सिलिंडर गळाला तर त्यांना कळणार कसं?

तोपर्यंत आजी जाग्या आहेत आणि वहीत त्यांचं नाव पहिलं आहे.

नमो बुद्धाय. जय भीम.